तळं बघायला निघालेल्या कुंड्या

आमच्या ओबरफेल्स गावात उन्हाळ्यात घर सोडून कुणी लांब जात नाही. याचं कारण गरिबी नाही, आजारपण नाही, आणि गुरंढोरं तर आता फारशी उरलेलीच नाहीत. याचं कारण सज्जा. घर तिथे लाकडी सज्जा, सज्जा तिथे लाल जिरेनियमच्या लांबट कुंड्या, आणि कुंड्या तिथे त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालणारा माणूस. जुलैत कधीतरी जिल्ह्याची पुष्पशोभा समिती न सांगता गावात येते, रस्त्यावर उभी राहून एकेक सज्जा बघते, वहीत काहीतरी टिपते आणि कुणाशी न बोलता निघून जाते. त्यामुळे मे ते सप्टेंबर गावातला प्रत्येक सभ्य माणूस परीक्षेला बसल्यासारखा घरी बसलेला असतो.

माझे बाबा, व्हिन्सेन्झ लाडनर, पोस्टातून निवृत्त झालेले, हे या परीक्षेतले कायम वरच्या नंबरातले विद्यार्थी. हिवाळ्यात झाडं तळघरात, उन्हाळ्यात सज्ज्यावर, आणि खत म्हणून हाडांचा चुरा आणि उरलेली बियर. वाळलेलं फूल ते कात्रीने कापत नसत. अंगठ्याच्या नखाने टिचकन खुडत. त्या झाडांना एक कडवट, औषधी वास असतो. तो बाबांच्या बोटांना सतत यायचा. जेवायला बसताना पाव कापायचं काम बाबांचं, आणि "बाबा, आधी हात धुवा" हे म्हणायचं काम माझं. ते म्हणायचे, "धुतो," आणि पाव कापायचे.

दर उन्हाळ्यात एकदा तरी ते आईला म्हणत, "बुर्गी, पुढच्या वर्षी मात्र मिलश्टाटच्या तळ्यावर जायचं. कोफ्लर इतका बोलावतोय." आई "हो" म्हणे. मग दोघं सज्ज्याकडे बघत, आणि विषय संपे.

मार्चमध्ये बाबा गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं जे काही होतं ते डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं आहे.

मी इन्सब्रुकच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. जुलैत सुट्टी लागली आणि मी घरी आले, तर आई सज्ज्यावर बसलेली. ती फक्त पाव आणायला आणि कबरीवर जायला घराबाहेर पडत होती. मी ठरवलं, हिला मिलश्टाटला न्यायचं. हिचे पाय एकदा त्या तळ्याला लागले तर पुढचं काहीतरी सुरू होईल. नाहीतर ही या सज्ज्यातच मूळ धरेल.

"आणि फुलं?" आई म्हणाली.

"आगाथाबाईंना सांगू."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू तान्हं मूल मी लांडग्याकडे सांभाळायला द्यायला निघाले आहे. समोरच्या घरातल्या आगाथाबाई गावच्या सुशोभन मंडळाच्या अध्यक्ष आणि बाबांच्या जन्माच्या प्रतिस्पर्धी. त्या नळीने पाणी घालतात. बाबा म्हणायचे, "आगाथा झाडांना पाणी घालत नाही, आग विझवते."

"मग काय करायचं?"

"फुलं येतील आपल्याबरोबर."

आई दुपारच्या जेवणाआधी विनोद करत नाही, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "त्याच्या हातून कधी एक झाड मेलं नाही. पहिल्याच वर्षी माझ्या हातून मरायला नको." कुंड्या जिवंत परत आणायच्या, नाहीतर आई पुन्हा घराबाहेर पडणार नाही, एवढं मला कळलं.

मी लगेच शाळेच्या ग्रंथालयातून बागकामावरची तीन पुस्तकं मागवली. एकात लिहिलं होतं, जिरेनियमला हलवू नये. दुसऱ्यात, जिरेनियमला कशाचंच काही वाटत नाही. तिसरं गुलाबांवर निघालं.

बाबांच्या छोट्या गाडीच्या टपावर बर्फावरून घसरायच्या पट्ट्या बांधायचं कॅरियर होतं. त्यावर कुंड्या चढवायला सुरुवात केली आणि पाव मिनिटात अर्धं गाव जमलं. पाववाला म्हणाला, वर ओली चादर टाका. चर्चमध्ये घंटा वाजवणारे म्हातारे म्हणाले, चादर टाकलीत तर झाडं गुदमरतील, भोकं पाडा. पाववाला म्हणाला, चादरीला भोकं पाडायची तर चादर टाकायची कशाला? यावर दोघांचं जे भांडण सुरू झालं ते आम्ही परत येईपर्यंत मिटलेलं नव्हतं. आगाथाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"माझ्याकडे ठेवलं असतंत तर," त्या म्हणाल्या, "पण मी कोण सांगणारी."

"तुम्हाला कशाला त्रास," आई म्हणाली.

"त्रास कसला. इतकी वर्षं मी रोज खिडकीतून बघतेच आहे."

शेवटी गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुख दलाचा दोर घेऊन आले आणि त्यांनी कुंड्या स्वतः बांधल्या. "ही गाठ," ते म्हणाले, "दरीत पडलेल्या गाईला वर ओढताना मारतात. सुटणार नाही." त्यांचा शब्द किती खरा होता ते वाटेत मिटरझिल गावाच्या पुढे कळलं.

तिथे आम्हाला पोलिसाने थांबवलं. तरुण होता, गंभीर होता, आणि त्याने आधी टपाकडे, मग आमच्याकडे, मग पुन्हा टपाकडे बघितलं.

"कुठल्या नर्सरीचा माल?"

"माल नाही. घरची झाडं आहेत," मी म्हणाले.

"विकायला नेताय?"

"नाही."

"मग?"

"तळं दाखवायला," आई म्हणाली.

पोलिसाने वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि थांबला. अशा गोष्टीसाठी वहीत रकाना नसावा. मग त्याने धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि चमकणारं जाकीट दाखवा म्हणून सांगितलं. ते सगळं मागच्या डिकीत होतं, आणि डिकीत हाडांच्या चुऱ्याची पोती, बियरच्या बाटल्या आणि झारी. ते सगळं रस्त्याकडेला मांडून झाल्यावर त्याने विचारलं, टपावरच्या कुंड्यांचं वजन किती?

"पाणी घालण्याआधी की घातल्यावर?" आईने विचारलं.

तिचा प्रश्न सरळ होता, पण त्याला तो उद्धट वाटला. निम्म्या कुंड्या गाडीच्या आत घ्या, असं त्याने फर्मावलं. मी गाठ सोडायला गेले. सुटेना. आईने प्रयत्न केला. पोलिसाने टोपी काढून ठेवली आणि प्रयत्न केला. शेवटी त्याने जवळच्या गावच्या अग्निशमन दलाला फोन केला. दोघंजण लाल गाडीतून आले, गाठीभोवती एक फेरी मारली आणि त्यातला वयस्क म्हणाला, "तुमच्याकडे अजून अशी मारतात?" त्याच्या स्वरात जी दया होती ती आमच्या सबंध खोऱ्याबद्दल होती. दोर कापावा लागला, आणि टपावर उरलेल्या कुंड्या त्यांनी आपल्या दोराने बांधून दिल्या. जाताना पोलिस हळूच आईला म्हणाला, "माझ्या आईची या वर्षी पिवळी पडलीत. काय करावं?" आईने त्याला एक बियरची बाटली दिली आणि ती त्याने प्यायची नाही, हे दोनदा समजावलं.

पुढचा प्रवास आईने मागच्या सीटवर दोन कुंड्यांच्या मध्ये बसून केला. एक माझ्या शेजारी होती, सीटचा पट्टा लावून. वळण आलं की तिचं एक पान माझ्या कानात शिरायचं.

वाटेत झेलच्या तळ्याकाठी रात्रीच्या मुक्कामाला आम्ही सज्जावाली खोली मागितली, कारण फुलं खोलीत कोंडली तर रुसतात, असं आईचं मत. गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंना प्रथम आनंद झाला. आम्ही कुंड्या वर न्यायला लागलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या सज्ज्यावर फुलं आहेत की," त्या म्हणाल्या. "आमची कमी पडली का?" त्यांची समजूत काढण्यासाठी आईला त्यांच्या प्रत्येक कुंडीजवळ थांबून कौतुक करावं लागलं. संध्याकाळी तिने आमच्या झाडांना पाणी घातलं. ते खालच्या सज्ज्यात आडवे पडलेल्या हांबुर्गच्या एका गृहस्थांच्या पोटावर ठिबकलं. बियरमिश्रित होतं. गृहस्थ वर आले आणि अतिशय शुद्ध भाषेत म्हणाले, की ते इथे दर वर्षी येतात आणि आजवर त्यांच्यावर कुणी खत घातलेलं नाही. मी माफी मागितली. मी शाळेत मुलांना पुस्तकाला कॉफी लावल्याबद्दल जे सुनावते तेच, त्याच क्रमाने, ते मला सुनावत होते, आणि माझ्यासारखंच त्यांनाही त्यात सुख वाटत होतं.

सकाळी आगाथाबाईंचा फोन आला.

"रेगी, तुमच्या सज्ज्यावर काहीच नाही गं. नुसतं लाकूड. येणारा-जाणारा विचारतोय, बुर्गीने घर विकलं का? काल म्युनिकचा एक दातांचा डॉक्टर बायकोला घेऊन आला, किंमत विचारायला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, छप्पर गळतं. पण असं किती जणांना सांगू? आणि समिती आली तर? सगळ्या गल्लीचा पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय."

"तुम्ही काही करू नका हं, आगाथाबाई."

"मी कशाला काय करू?"

मी फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "असं म्हणाली ना, की तिने काहीतरी करायला घेतलेलं असतं."

झेलहून मिलश्टाटला जायचा सरळ रस्ता ग्लोकनरच्या घाटातून जातो. टोलनाक्यावरच्या माणसाने आमच्या टपाकडे बघून सांगितलं, "वर थंडी आहे हं." मी म्हणाले, आम्ही स्वेटर आणलेत. तो म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही बोलत."

खाली जुलै होता. प्रत्येक वळणाला एकेक महिना मागे जात जात माथ्यावर पोचेपर्यंत आम्ही फेब्रुवारीत होतो. ढग गाडीच्या काचेला येऊन चिकटला आणि मग त्यातून बर्फ पडायला लागला. मोठा, ओला, सावकाश. आईने "थांब" म्हटलं. आम्ही गाडी बाजूला घेतली, टपावरच्या उरलेल्या कुंड्या उतरवून आत घातल्या, हीटर पूर्ण लावला, आणि तेव्हा लक्षात आलं, की आता गाडीत आपल्याला जागा नाही.

तर आम्ही दोघी गाडीबाहेर उभ्या. आत जिरेनियम, गरम हवेत, काचेला नाक लावून आमच्याकडे बघत. घाटात आलेल्या परदेशी प्रवाशांच्या बसमधून लोक उतरून आमचे फोटो काढत होते. एका बाईने मला खुणेने विचारलं, हा इथला काही सण आहे का. मी मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

आईच्या डोक्यावरच्या रुमालावर बर्फ साचला होता. काचेतून फुलांकडे बघत ती म्हणाली, "त्याला खरं तर तळं नकोच होतं, रेगी. मी काय समजले नव्हते? बोलायला म्हणून बोलायचा. त्याला ही होती, त्यातच त्याला सगळं होतं."

मी तिच्या रुमालावरचा बर्फ झटकला. आमच्या घरात अशा वेळी न बोलण्याची पद्धत आहे. आम्ही ती व्यवस्थित पाळली.

घाट उतरून हायलिगेनब्लुटच्या खाली आलो तर पुन्हा कडक ऊन. गारठलेल्या झाडांना हवा द्यावी म्हणून एका कुरणाच्या कुंपणापाशी सगळ्या कुंड्या खाली मांडल्या आणि आम्ही पाव आणि चीज खायला बसलो. आईचं लक्ष डोंगराकडे होतं, माझं चीजकडे. कुंपणातून एक बकरी कधी आली ते कळलं नाही. कळलं तेव्हा एका कुंडीत माती होती आणि बकरीच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक लाल पाकळी.

आई उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात वरून बकरीचा मालक धावत आला. मला वाटलं, माफी मागायला येतोय.

"काय खायला घातलंत तिला?" तो ओरडला.

"आम्ही घातलं? तिने खाल्लं," मी म्हणाले.

"तेच ते. त्यावर काय फवारलंय? माझं चीज शुद्ध आहे. त्यावर तसा शिक्का आहे. मी वर्षाला तीन साहेबांना उत्तर देतो. त्यांना काय सांगू, बकरी फुलं खाते?"

"काही फवारलेलं नाही," आई म्हणाली. आवाज अगदी हळू. "हाडांचा चुरा घालतो. आणि बियर."

"कुठली बियर?"

आईने नाव सांगितलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "ती चालेल."

तो बकरीला शिंगाला धरून घेऊन गेला. आई रिकाम्या कुंडीजवळ बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "गेलं एक." मी म्हणाले, "मुळं आहेत आत. फुटेल." ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण कुठल्या, ते आठवेना, गुलाबांच्या असावं.

मिलश्टाटला पोचलो तेव्हा दुपार होती आणि गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. कुंड्या आत ठेवून जाणं शक्यच नव्हतं. तळ्याकाठच्या स्नानघाटाच्या आवारात झाडांची सावली होती, म्हणून आम्ही भाड्याची हातगाडी घेऊन कुंड्या तिच्यात रचल्या आणि तिकीट-खिडकीशी गेलो. आतल्या माणसाने समोरच्या फळ्यावरचे दर वाचले. प्रौढ, लहान मुलं, कुत्री, सायकली.

"यांचं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"मग फुकट सोडा."

"जे लिहिलेलं नाही ते आत सोडता येत नाही."

"कुत्रं समजा," मी म्हणाले.

"कुत्र्याला साखळी लागते."

मागे रांग लागली होती. रांगेतून एक उघडा, भिजलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे आला आणि खिडकीत डोकं घालून म्हणाला, "बाबागाडी समज आणि सोड रे. मी ओळखतो या फुलांना." मग तो वळला. "बुर्गी. तू आलीस होय."

हे कोफ्लरकाका. बाबांबरोबर पोस्टात होते. निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिले आणि तेव्हापासून, त्यांच्याच शब्दांत, फक्त जेवायला पाण्याबाहेर येतात. त्यांनी आम्हाला तिथे थांबूच दिलं नाही. कुंड्यांसकट आपल्या घरी नेलं. घर अगदी तळ्यावर, खाली दगडी पायऱ्या थेट पाण्यात गेलेल्या. सज्ज्यावर एक दोरी, दोरीवर पोहण्याच्या चड्ड्या, बाकी काही नाही.

आईला राहवलं नाही. "फेर्डिनांड, तुमच्या सज्ज्यावर फुलं नाहीत?"

"नाहीत. म्हणून तर तळं दिसतं."

आम्ही बसलो. तळं खरंच दिसत होतं, सगळंच्या सगळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुपारच्या उन्हात हिरवंगार. कॉफी आली, जर्दाळूचा केक आला. काका फुलांकडे बघत म्हणाले, "शेवटी तुला सोडवलं नाहीच ना यांना. व्हिन्सेन्झ म्हणायचा तेच खरं."

"काय म्हणायचा?"

"दर नाताळात मी फोनवर सांगायचो, अरे ये ना, किती वर्षं नुसतं येतो म्हणतोस. तर म्हणायचा, बुर्गीचा जीव त्या फुलांत आहे, तिला त्यांच्यापासून लांब कसं करू? तिला एकदा त्यांचा कंटाळा येऊ दे, दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभा राहतो."

आईने कप खाली ठेवला.

"कुणाचा जीव?"

"तुझा."

"मला त्यांचा वास सहन होत नाही," आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी केककडे बघितलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो एक कुंडी घेऊन आला," आई सांगायला लागली. "नवा नवरा. दारात उभा, हातात कुंडी. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी दोन आणल्या."

"तो मला म्हणाला होता," काका म्हणाले, "की पोस्टाच्या शिक्क्याची लाल शाई दिवसभर बघायची आणि घरी येऊन पुन्हा तोच रंग. पण तिला आवडतात, म्हणाला, मग काय करणार."

आई माझ्याकडे वळली. "तुला तरी आवडतात ना?"

"नाही," मी म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हा दोघांना आवडतात."

आमच्या ओबरफेल्सची ही रीत आहे. कुणी काही दिलं की 'छान आहे' म्हणायचं, आणि एकदा म्हटलं की ते परत घ्यायचं नाही. या रीतीने आमच्या गावात कित्येक लग्नं टिकली आहेत आणि कित्येक भयानक पडदे. पण तीन माणसांच्या एका घराने, तिघांनाही न आवडणारी झाडं, एकमेकांच्या प्रेमाखातर, माझ्या वयाहूनही जास्त वर्षं सांभाळावीत आणि त्यासाठी जिल्ह्याची बक्षिसं मिळवावीत, हे आमच्या गावालाही जरा जास्तच होतं.

आई हसायला लागली. मार्चनंतर पहिल्यांदा. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, आवाज न करता. मग तिने रुमाल काढला, आणि कोफ्लरकाका भरलेली किटली उचलून आणखी कॉफी करायला आत गेले.

"म्हणजे त्याला यायचं होतं," आई म्हणाली.

"हो."

"खरंच यायचं होतं."

संध्याकाळी ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग काकांनी कपाटातून काढून दिलेल्या कोफ्लरकाकूंच्या जुन्या पोहण्याच्या कपड्यांत गळ्यापर्यंत. मला वाटलं होतं, तिला पोहता येत नाही. येत होतं. या घरात कुणाला काय येतं आणि काय आवडतं, हे विचारायला सुरुवात करायला हवी, असं मी मनाशी ठरवलं.

आम्ही तिथे ठरवल्यापेक्षा बरेच जास्त दिवस राहिलो. आई रोज पोहली. निघताना प्रश्न उरला, कुंड्यांचं काय? काका सज्ज्यावर घ्यायला तयार नव्हते. त्यांना तळं हवं होतं. शेवटी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंना, त्या रांगेने मांडल्या. बकरीने खाल्लेलीसुद्धा. तिला खरंच कोंब फुटला होता. "आपल्या घरचं कुणीतरी बसू दे तळ्यासमोर," आई म्हणाली. एक कुंडी मात्र तिने उचलून गाडीत ठेवली.

"ही कशाला?"

"असू दे. सवय आहे."

घाट टाळून, बोगद्यातून, एका दिवसात घरी आलो. गल्लीत वळलो आणि मी ब्रेक लावला. आमच्या सज्ज्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जिरेनियम फुललेले होते. गुलाबी. बाबांच्या मते गुलाबी जिरेनियम म्हणजे वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम. दारावर पुष्पशोभा समितीची पाटी होती: प्रथम क्रमांक.

आगाथाबाई नळी हातात घेऊन उभ्या होत्या. आमच्या अंगणातून पाण्याचा ओढा वाहत होता.

"समिती येऊन गेली," त्या म्हणाल्या. "नाव तुमचंच लागलंय. घर तुमचं आहे." मग नळी बंद केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "व्हिन्सेन्झची जागा रिकामी दिसत होती. रोज सकाळी खिडकी उघडली की तेच. मला बघवेना. माझ्याच सज्ज्यावरच्या आणून लावल्या."

मी समोर बघितलं. आगाथाबाईंचा सज्जा उघडा होता. नुसतं लाकूड. म्हणजे बाबांना इतकी वर्षं ज्यांना हरवायचं होतं त्या या वर्षी स्पर्धेतच नव्हत्या.

आई गुलाबी फुलांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. पुढे काय होणार ते मला दिसलं आणि मी तिच्या पायावर पाय द्यायला गेले, पण उशीर झाला होता.

"छान आहेत," आई म्हणाली.

"आवडली?" आगाथाबाईंचा चेहरा उजळला. "मग पुढच्या वर्षीही मीच देणार. दर वर्षी देणार."

तर आता आमच्याकडे गुलाबी जिरेनियम आहेत. ते आगाथाबाईच येऊन विझवतात, त्यामुळे पुढचा उन्हाळाही आम्हाला मोकळा आहे; आईने नकाशा भिंतीला लावलाय आणि ती इटलीतली तळी बघते आहे. आणलेली लाल कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, जिथून समितीला दिसत नाही.

परवा जेवायला बसण्याआधी तिच्यात एक वाळलेलं फूल दिसलं. मी ते अंगठ्याच्या नखाने टिचकन खुडलं. तोच वास, कडवट, औषधी. अजिबात आवडला नाही.

आईने पाव माझ्यासमोर ठेवला. "आधी हात धू," ती म्हणाली.

"धुते," मी म्हणाले, आणि पाव कापला.